सैनिकाची शेवटची वाट आणि आमच्या पोरांच्या मोटारसायकली

ऑगस्ट २०१८ मध्ये काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांशी लढताना मेजर कौस्तुभ राणे आणि त्यांच्यासोबतचे तीन जवान शहीद झाले. मेजर राणे राहायला मीरा रोडला, पण मूळ गाव आमच्या वैभववाडी तालुक्यातले सडुरे. वय अवघे एकोणतीस. त्याच वर्षी प्रजासत्ताक दिनी त्यांना सेना पदक जाहीर झाले होते. मीरा रोडला त्यांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा माणसांना रस्ते पुरले नाहीत. लष्कराने मानवंदना दिली, मंत्री-आमदार आले, वर्तमानपत्रांनी पहिली पाने दिली. हे सर्व योग्यच झाले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी नंतर स्वतः लष्कराचे प्रशिक्षण घेतले आणि २०२० साली त्या अधिकारी झाल्या. ज्या तालुक्याचे नाव मुंबईत सांगितले तर लोक ‘हे कुठे आले?’ असे विचारतात, त्या तालुक्याला या घराण्याने मान मिळवून दिला. त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत.

आता त्याच तालुक्यातले दुसरे मरण पाहा. पंधरा-वीस वर्षे सरहद्दीवर काढून हवालदार किंवा नाईक म्हणून घरी आलेला बौद्धवाडीतला माणूस. पुढची तीस-चाळीस वर्षे तो वाडीत जगतो. पोरांना पहाटे उठवून पळायला नेतो. १४ एप्रिलला छातीवर पदके लावून बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर कडक सलाम ठोकतो. ग्रामपंचायतीत अर्ज लिहायचा असेल तर वाडी त्याच्याकडे जाते. ऐंशी-पंच्याऐंशीव्या वर्षी पावसाळ्यातल्या एका रात्री तो जातो. तरणी पोरे मुंबईला नाहीतर गोव्याला. खांदा द्यायला वाडीतले आठ-दहा म्हातारे आणि काही शाळकरी मुले. लाकडे ओली. स्मशानापर्यंतची पाणंद चिखलाची. बिगूल नाही, मानवंदना नाही, पुष्पचक्र नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन ओळीही नाहीत.

यात कोणी मुद्दाम अपमान केला असे आम्ही म्हणत नाही. लष्कराची पद्धतच तशी आहे. सेवेत असताना वीरमरण आले तर पूर्ण लष्करी इतमाम मिळतो. निवृत्त होऊन घरी वारलेल्या साध्या जवानासाठी मात्र जवळ लष्करी ठाणे असेल, तिथपर्यंत वेळेत खबर गेली, माणसे मोकळी असली, तरच काही होते. वैभववाडीहून असे मोठे ठाणे शोधायचे तर बेळगाव किंवा गोवा. प्रेत तेवढा वेळ थांबत नाही. म्हणून ज्याने पूर्ण उमेद देशाला दिली त्याला निरोप देण्याचे काम शेवटी त्याच्या वाडीवरच येते, आणि वाडीत माणसे उरलेली नाहीत.

मग ही जबाबदारी घ्यायची कोणी? आमचे उत्तर साधे आहे. तालुक्यातल्या आमच्या पोरांकडे मोटारसायकली आहेत. १४ एप्रिलला निळे झेंडे लावून याच पोरांची रॅली निघते. सायलेन्सर काढून बाजारपेठ दणाणून सोडण्याची हौसही आम्ही पाहिली आहे आणि त्याबद्दल बोलूनही दाखवले आहे. ही पोरे, ही वाहने आणि हा उत्साह तालुक्यातल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या अंत्ययात्रेला शिस्तीने पुढे-मागे चालवला तर? आज आम्ही हा प्रस्ताव मांडतो आहोत, आणि तो सगळ्या बाजूंनी तपासावा असे आम्हाला वाटते.

ही कल्पना जगात नवीन नाही. अमेरिकेत ‘पॅट्रियट गार्ड रायडर्स’ नावाची स्वयंसेवकांची संघटना आहे. ती २००५ साली कॅन्सस राज्यात सुरू झाली, आणि तिचा उगम समजून घेण्यासारखा आहे. इराक युद्धात मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या घरी येत होत्या आणि वेस्टबरो नावाच्या एका चर्चची मंडळी त्या अंत्ययात्रांसमोर फलक घेऊन उभी राहत होती. समलिंगी माणसांना हा देश सहन करतो, म्हणून देवाने हे सैनिक मारले, असा त्यांचा ओंगळ प्रचार. मुलगा गमावलेल्या आईबापांनी शेवटच्या क्षणी हे फलक वाचायचे! तेव्हा माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लिजन’ या संस्थेतले मोटारसायकलवाले पुढे आले. त्यांनी मारामारी केली नाही, शिव्या दिल्या नाहीत. ते मोठमोठे झेंडे हातात घेऊन निदर्शक आणि कुटुंब यांच्या मध्ये रांगेने उभे राहिले. घोषणा ऐकू येऊ नयेत म्हणून प्रसंगी मोटारसायकलींची इंजिने चालू ठेवली. पुढे एका सैनिकाच्या वडिलांनी त्या चर्चविरुद्ध खटला लढवला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०११ साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की सार्वजनिक जागेवरची ही निदर्शने भाषणस्वातंत्र्यात मोडतात. वडील हरले. कायद्याने जे थांबवता आले नाही ते झेंडे धरून उभ्या राहिलेल्या माणसांनी निदान नजरेआड केले. या संघटनेचा एक नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. कुटुंबाने बोलावल्याशिवाय ते जात नाहीत. आता निदर्शक नसले तरी ते जातात, आणि ज्याला कोणीच नातेवाईक नाही अशा बेवारस माजी सैनिकाच्या दफनालाही हे अनोळखी लोक गाड्या घेऊन हजर राहतात.

त्याच अमेरिकेतली आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना जास्त जवळची वाटेल. टेक्सास राज्यातल्या थ्री रिव्हर्स गावचा फेलिक्स लाँगोरिया हा मेक्सिकन वंशाचा सैनिक १९४५ साली फिलिपाइन्समध्ये मारला गेला. चार वर्षांनी त्याचे अवशेष गावी आणायचे ठरले, तेव्हा गावातल्या अंत्यविधीगृहाच्या मालकाने तिथले सभागृह द्यायला नकार दिला. कारण काय, तर गोऱ्यांना ते आवडणार नाही! डॉ. हेक्टर गार्सिया यांनी आदल्याच वर्षी मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांची ‘जीआय फोरम’ ही संघटना बांधली होती. तिने हे प्रकरण हाती घेतले, सिनेटर लिंडन जॉन्सन मध्ये पडले आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी लाँगोरियाला आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत सन्मानाने जागा मिळाली. गावाने नाकारले आणि देशाने स्वीकारले. पण देशाला जाग आली ती संघटनेने हाक दिली म्हणून.

हे अमेरिकेत झाले, इकडे असे होत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने २०१६ सालचे उत्तर प्रदेश आठवावे. जून २०१६ मध्ये काश्मीरच्या पांपोर येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे आठ जवान मारले गेले. त्यांत फिरोजाबाद जिल्ह्यातला वीरसिंह हा दलित जवान होता. त्याचे पार्थिव गावी आले तेव्हा गावातल्या उच्चवर्णीयांनी सार्वजनिक जागेवर त्याच्या अंत्यविधीला हरकत घेतली. अधिकाऱ्यांनी तासन्‌तास मिनतवाऱ्या केल्या, तेव्हा दहा मीटर बाय दहा मीटर जागा मिळाली. तिरंग्यात गुंडाळलेल्या देहाचीही जात विचारली जाते, हे या देशाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. २०१९ साली तामिळनाडूत वाणियंबाडीजवळ एका दलिताचे प्रेत पुलावरून दोर बांधून खाली सोडावे लागले, कारण स्मशानाकडे जाणारी वाट सवर्णांच्या शेतातून होती. मद्रास उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली.

आमच्या सिंधुदुर्गात असे उघड वैर दिसत नाही हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. पण स्मशान वाडीगणिक वेगळे, तिथे जाणारी पाणंद वेगळी, पत्र्याची शेड गावच्या स्मशानाला आधी आणि आमच्या स्मशानाला ‘पुढच्या आराखड्यात’, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पावसाळ्यात ताडपत्री धरून सरण पेटवलेल्या माणसाला ते जास्त कळते.

आता मोटारसायकलच का, ट्रक-टेंपो का नाही, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर आमच्या इतिहासात आहे आणि दुसरे कायद्याच्या पुस्तकात.

इतिहासातले उत्तर असे. महारकी वतनात जी कामे आमच्या पूर्वजांच्या माथी मारली होती त्यांत गावातल्या मर्तिकाचा सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जाणे हे एक काम होते. कोणाच्याही घरी माणूस मेला की महाराने रात्री-अपरात्री, पावसापाण्यात, अनवाणी, डोंगर उतरून नातेवाइकांच्या गावी धावायचे. तिथेही अंगणाबाहेर उभे राहून निरोप सांगायचा. सरणाची लाकडे वाहायची. बदल्यात भाकरी आणि प्रेतावरचे कापड. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली. दुसऱ्यांच्या मर्तिकासाठी पिढ्यान्‌पिढ्या धावलेल्या माणसांची नातवंडे आज स्वतःच्या कमाईच्या गाडीवर बसून, पायात बूट घालून, आपल्याच सैनिकाच्या अंत्ययात्रेच्या पुढे चालतील. पूर्वी जे सक्तीने केले ते आता मानाने आणि स्वखुशीने करायचे. यात केवढा फरक आहे हे आमच्या आजोबांना कळले असते.

आणि आमचा सैनिक म्हणजे केवळ नोकरदार नव्हता. कोरेगावच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत ‘नाक’ ने संपणारी बावीस नावे त्या स्तंभावर कोरलेली आहेत. मुंबई इलाख्याच्या लष्करात भरती होणाऱ्या महारांत कोकणातले पुष्कळ होते आणि त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातच आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग होता. लष्कराने आमच्या माणसाला पायात बूट दिले, हातात बंदूक दिली आणि त्याहून मोठे म्हणजे शाळा दिली. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. लष्करात ती शाळा नसती तर आंबडव्याच्या या घराण्यातून पुढे काय घडले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. दापोलीला पेन्शनर महारांची वस्तीच होती. त्यांच्यातलेच गोपाळबाबा वलंगकर. इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची भरती बंद केली तेव्हा १८९४ साली सरसेनापतीला अर्ज लिहिला तो याच निवृत्त सैनिकाने. पहिल्या महायुद्धात गरज लागली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपताच १९२१ पर्यंत मोडली. गरज सरो वैद्य मरो! पुढे बाबासाहेब संरक्षण सल्लागार मंडळावर आले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात सुरुवातीला कोरेगावचा स्तंभच होता. आज या रेजिमेंटमध्ये अनेक जातींचे आणि प्रांतांचे जवान आहेत. श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी वीरमरण पत्करून परमवीर चक्र मिळवणारे मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे.

१९२७ च्या महाडच्या लढ्यात सुभेदार सवादकर, सुभेदार घाटगे यांच्यासारखे माजी सैनिक बाबासाहेबांच्या बाजूला उभे होते. २० मार्चला चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आमच्या माणसांवर हल्ला झाला. लढाई पाहिलेली ही माणसे त्या दिवशी हात उचलू शकत होती. बाबासाहेबांनी थांबा म्हटले आणि ती थांबली. समता सैनिक दलाची शिस्त अशा माणसांकडून आली. आज वाडीत खाटेवर पडलेला म्हातारा हवालदार त्याच परंपरेतला शेवटचा दुवा आहे. तो गेला की वाडीतली अर्धी चळवळ जाते.

कायद्याच्या पुस्तकातले उत्तर तर आम्हाला वकील म्हणून फारच बोलके वाटते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. तिने कलम ३(१) मध्ये ‘झेडए’ हे उपकलम घातले. त्याच्या पहिल्या भागात स्मशानभूमी, दफनभूमी, पाणवठा, रस्ता, वाट यांचा इतरांच्या बरोबरीने वापर करू न देणे हा गुन्हा ठरवला आहे. त्याच्या लगेच पुढच्या भागात काय आहे? सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पायताण किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास अटकाव करणे. सहा महिने ते पाच वर्षे शिक्षा आणि दंड. स्मशानाची वाट आणि मोटारसायकल एकाच उपकलमात! देशाच्या संसदेला एकविसाव्या शतकात ‘मोटारसायकल’ हा शब्द अत्याचाराच्या कायद्यात लिहावा लागला, याचा अर्थ तिच्यावर बसलेला आमचा माणूस कोणाच्या तरी डोळ्यांत खुपत होता. अजूनही खुपतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून एका दलित विद्यार्थ्याच्या हातांवर वार केल्याची फिर्याद दाखल झाली. महाराष्ट्रात शिर्डीला २०१५ साली मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून आमच्या एका तरुणाचा खून झाला, तेही आम्ही विसरलेलो नाही. आमची पोरे पन्नास गाड्या घेऊन शांतपणे, रांगेने गावाच्या मुख्य रस्त्यावरून आपल्या सैनिकाला नेतात तेव्हा ती त्या उपकलमाचे दोन्ही भाग एकाच वेळी वापरत असतात. जाता जाता एवढे सांगतो की १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातीच्या माणसालाही हे संरक्षण आहे, पण फिर्याद देताना जातीचा दाखला काढलेला असावा. तो नसल्यामुळे उभी राहिलेली प्रकरणे लटकतात. आणि गावकीने वाळीत टाकण्याची धमकी दिली तर त्यासाठी महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे.

आता कामाचे बोलू. वैभववाडीत मुंबईहून येणारी गाडी खारेपाटण ओलांडून तळेऱ्याला वळते, कोल्हापूरकडून येणारी गगनबावड्याहून करूळ घाट उतरते. चाकरमानी रेल्वेने वैभववाडी रोडला उतरतात. मुंबईत वारलेल्या माणसाला गावी आणायचे असेल तर पोरांनी तळेरे फाट्यावर उभे राहावे. परक्या ड्रायव्हरला रात्री कोकिसरे कुठे नि उंबर्डे कुठे हे कळत नाही. दोन गाड्या पुढे, बाकीच्या मागे, एकेरी रांगेत. वेग वीस-तीसच्या वर नको. डोक्याला हेल्मेट हवेच, नाहीतर सैनिकाला निरोप द्यायला गेलेले पोर पोलिसांशी हुज्जत घालत बसायचे. हॉर्न बंद. सायलेन्सर कंपनीचा. नाक्यावर स्वयंसेवकाने हात करून विनंती करावी, पण दुसऱ्यांची वाहने अडवण्याचा अधिकार आपल्याला नाही. मागून रुग्णवाहिका आली तर अख्खी रांग डावीकडे घ्यावी. जिल्ह्यात जमावबंदी असली तरी मनाई आदेशातून बहुधा अंत्ययात्रा वगळलेली असते. तरीही पोलीस ठाण्यात एक अर्ज देऊन पोच घेतलेली बरी.

वाडीपर्यंत चारचाकी जात नसेल तिथे गाड्यांचे खरे काम सुरू होते. पाखाडीखाली गाड्या लावून पोरांनी खांदा द्यावा. कोणी भन्तेजींना किंवा बौद्धाचार्यांना आणावे, कोणी डॉक्टरांचा दाखला, कोणी सुकी लाकडे आणि ताडपत्री. आमच्या लेकी-सुनांनीही स्कूटीवरून यावे. बाईने स्मशानात जायचे नाही ही ब्राह्मणी रूढी आम्ही १९५६ सालीच सोडली आहे.

राष्ट्रध्वजाबद्दल मात्र सावध राहा. उत्साहाच्या भरात तिरंगा प्रेतावर घालावा असे वाटते. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार शासकीय इतमामाचे, लष्कराचे आणि निमलष्करी दलांचे अंत्यविधी सोडून इतरत्र तिरंगा असा वापरणे हा गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तेव्हा माजी सैनिकासाठी आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवावे आणि ते सांगतील तसेच करावे. ज्या अंत्यविधीला तिरंगा असतो तिथेही तो सरणावर जाळायचा नसतो, घडी घालून कुटुंबाच्या हाती द्यायचा असतो. गाडीच्या टाकीवर, सीटवर तिरंगा गुंडाळायचा नाही. पंचशील ध्वज लावायला कोणाची परवानगी लागत नाही. तो लावावा, पण चिखलाचे शिंतोडे उडणार नाहीत एवढा उंच.

आणि पुढाऱ्यांचे फोटो असलेले बॅनर नकोत. निवडणूक जवळ असली म्हणजे इच्छुकांना सैनिकाचे प्रेम भरून येते. कुटुंबाने बोलावले तरच जायचे, त्रिसरण-पंचशील चालू असताना मोबाइलवर शूटिंग करायचे नाही, घोषणा द्यायच्या की नाही हे घरच्यांनी ठरवायचे. अमेरिकेतल्या त्या मोटारसायकलवाल्यांचा नियम आम्ही वर सांगितला तो एवढ्यासाठीच.

चळवळीतले काही मित्र विचारतील की हा लष्कराचा गौरव कशाला? लष्कर म्हणजे राज्यसत्ता, आणि ती सत्ता कोणाच्या हातात आहे ते आम्हाला ठाऊक आहे. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही तोफांचा नाही, माणसाचा गौरव करतो आहोत. ज्याला गावाने बंदूक तर सोडाच, साधी काठीही मानाने धरू दिली नाही, तो माणूस सरहद्दीवर उभा राहिला आणि पगाराच्या मनीऑर्डरीतून त्याने भावंडे शिकवली. त्याला सलाम करणे म्हणजे युद्धाचा जयजयकार करणे नव्हे. दुसरा आक्षेप खर्चाचा. बाबासाहेबांनी लग्न-मर्तिकातली उधळपट्टी सोडायला सांगितली होती, हे खरे आहे. इथे खर्च कसला? ज्याच्या त्याच्या गाडीतले एक-दोन लिटर पेट्रोल. ना जेवण, ना बँड. उलट त्या दिवशी जमलेल्या पोरांनी घरच्यांच्या चहाचीही सोय स्वतः करावी.

सगळ्यात महत्त्वाचे काम अंत्यविधीनंतर सुरू होते, आणि तिथे मोटारसायकलवाला खांदेकऱ्याइतकाच उपयोगी आहे. सैनिक गेला की त्याची पेन्शन थांबते आणि बायकोची कुटुंब पेन्शन आपोआप सुरू होत नाही. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते. ते दिवस टळले की विलंब शुल्क, महिन्यानंतर परवानगी, आणि वर्ष उलटले तर २०२३ च्या दुरुस्तीप्रमाणे जिल्हाधिकारी, प्रांत किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा हुकूम. जलदान विधी होईपर्यंत कागदाला हात लावायचा नाही असे घरचे म्हणतात आणि एकवीस दिवस असेच निघून जातात. मृत्यूची खबर गेली नाही तर पेन्शन खात्यात येत राहते, म्हातारी ती काढत राहते आणि मग एक दिवस वसुली निघते.

खरी अडचण नावात असते. आमच्याकडे येणाऱ्या वीरपत्नींच्या कागदांत हे नेहमी दिसते. डिस्चार्ज बुकात बायकोचे माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आधारवर तिसरेच. नवऱ्याच्या भरतीच्या वेळी आडनावाच्या जागी जात लिहिलेली, धम्मदीक्षेनंतर आडनाव आले, मुलाच्या शाळेच्या दाखल्यात आणखी वेगळे. ज्या समाजाला शेकडो वर्षे आडनाव लावू दिले नाही त्याच्याकडे आज सरकार एकच आडनाव मागते! प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, सैनिक कल्याण कार्यालयाचे पत्र आणि मग प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयाच्या ‘स्पर्श’ प्रणालीत दुरुस्ती. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईने डोंगरावरच्या वाडीतून उतरून, एसटीची वाट पाहत, हे सारे कसे करायचे? अंत्ययात्रेला पन्नास गाड्या आल्या असतील तर त्यातल्या दोन गाड्यांनी पुढचे तीन महिने त्या आजीसाठी धावावे. एकाने तिला मागे बसवून तहसीलला न्यावे, दुसऱ्याने ऑनलाइन अर्ज भरावा.

यापुढे हे काम वाढणार आहे. २०२२ साली आलेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी घरी पाठवल्या जाणाऱ्या जवानांना पेन्शन ठेवलेली नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला मरण पावलेला कर्तव्यावरचा पहिला अग्निवीर आमच्याच महाराष्ट्रातला, बुलढाणा जिल्ह्यातला. चार वर्षे काढून परत येणाऱ्या आमच्या पोराची उद्या कोणत्या यादीत नोंद असेल? आमच्या यादीत ती असली पाहिजे. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांतल्या निवृत्तांचीही असली पाहिजे, कारण लष्कराच्या माजी सैनिकाला मिळणाऱ्या कितीतरी सवलती त्यांना मिळत नाहीत.

तेव्हा सुरुवात गाड्यांपासून करू नका, यादीपासून करा. भुईबावड्यापासून नाधवड्यापर्यंत, करूळपासून मांगवलीपर्यंत, प्रत्येक वाडीत कोण हयात माजी सैनिक आहे, कोणाची विधवा आहे, पलटण कोणती, डिस्चार्ज बुक घरात आहे की वाळवीने खाल्ले, पत्नीचे नाव कसे लिहिले आहे, हे एका वहीत उतरवा. बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांनी आणि मुंबई मंडळांनी हे मनावर घेतले तर पावसाळ्याआधी वही पूर्ण होईल. यादी करताना जात विचारू नका. गावठाणातल्या निवृत्त जवानाच्या घरूनही बोलावणे आले तर पंचशील ध्वज घरी ठेवून त्याच शिस्तीने जा. ज्यांच्या नावात चूक सापडेल त्यांची दुरुस्ती नवरा हयात असतानाच करून घ्या, कारण तो स्वतः सही करू शकतो तोवर हे काम पुष्कळ सोपे असते. आणि वहीत एक रकाना सैनिकाच्या पत्नीसाठीही ठेवा. तिने पंधरा-वीस वर्षे एकटीने घर, शेत आणि सासू-सासरे सांभाळले. ती जाईल त्या दिवशीही तळेरे फाट्यावर गाड्या उभ्या राहिल्या पाहिजेत.